अमेरिकेतल्या कॉलेजसाठी शिफारसपत्र: कोणत्या सरांना विचारावं?

नागाळापार्क

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावीला आहे. सायन्स, स्टेट बोर्ड. हल्ली कोल्हापुरात बऱ्याच मुलांचं असतं तसं तिचंही इंटिग्रेटेड आहे. नाव ज्युनिअर कॉलेजात आणि दिवसभर क्लास. कॉलेजात जाणं होतं ते प्रॅक्टिकलला, परीक्षेला आणि अधूनमधून भाषेच्या तासाला.

तिला फिजिक्स शिकायला अमेरिकेत जायचंय. स्कॉलरशिप मिळाली तरच जायचं, हे घरात ठरलेलं आहे. कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या साइटवर, खातं उघडलंय. यादीतली बहुतेक कॉलेजं दोन शिक्षकांची शिफारसपत्रं मागतात आणि वर काउन्सेलरचं एक. आमच्या कॉलेजात काउन्सेलर हे पदच नाही. दोन शिक्षक कोण, यावरून तर घरात रोज नवा विचार निघतोय.

प्राचार्यांचं नाव मोठं आहे, पण ते मुलीला चेहऱ्यानंही ओळखत नसतील. तिला सगळ्यात जास्त ओळखतात ते क्लासचे फिजिक्सचे सर. क्लास सुटल्यावर थांबून तिच्या शंका सोडवतात. कॉलेजच्या मराठीच्या मॅडमच्या तासाला ती आवर्जून बसते, त्यांना निबंध दाखवते, त्याही मन लावून तपासून देतात. दहावीचे गणिताचे सर आहेत, त्यांनीच हिला गणिताची गोडी लावली. पण शाळा सेमी-इंग्लिश आणि सरांना इंग्रजीत लिहायचा संकोच आहे. शिवाय दिरांचं म्हणणं असं की त्यांच्या ओळखीचे विद्यापीठातले एक ज्येष्ठ प्राध्यापक आहेत, त्यांच्या लेटरहेडचं वजन पडेल. एका लोकप्रतिनिधींचं पत्रही आणता येईल म्हणतात.

यातून कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मुलगीही हा धागा वाचतेय.

रंकाळा_ते_मिशिगन

काकू, मी कोल्हापुरातूनच बारावी करून आलो, आता इथं शेवटच्या वर्षाला आहे. आधी कागदोपत्री गोष्टी सांगतो, म्हणजे निवड सोपी होईल.

कॉमन ॲपवर शिक्षकाला फक्त पत्र जोडायचं नसतं, एक फॉर्मही भरायचा असतो. या विद्यार्थ्याला किती काळ आणि कोणत्या नात्यानं ओळखता, त्याच्याबद्दल पहिले कोणते शब्द सुचतात, असे प्रश्न असतात. मग एक तक्ता येतो. लेखनाची प्रत, स्वतंत्र विचार, वर्गातल्या चर्चेतला सहभाग, कामाची शिस्त, प्रामाणिकपणा, अपयश आल्यावर कसं वागतो, दुसऱ्यांची कदर करतो का, अशा बाबींवर शिक्षकानं खूण करायची. सरासरीपासून वरच्या १० टक्क्यांत, वरच्या ५ टक्क्यांत आणि सगळ्यात वर 'माझ्या कारकिर्दीत पाहिलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक' इथपर्यंत पायऱ्या आहेत. 'सांगता येत नाही' असाही रकाना आहे. ज्या प्राचार्यांनी मुलीला पाहिलंच नाही, त्यांनी प्रामाणिकपणे भरलं तर अर्ध्या तक्त्यात हाच रकाना येईल.

म्हणून दिरांचे दोन्ही पर्याय बाजूला ठेवा. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पद बघायचं नसतं, मुलगी बघायची असते. लोकप्रतिनिधीचं पत्र आलं तर त्यातून फक्त घरच्यांची ओळख कळते.

क्लासच्या सरांबद्दल मात्र नीट समजून घ्या. 'शिक्षक' म्हणजे शाळा-कॉलेजात तो विषय शिकवणारा, ज्याच्या विषयाचे गुण गुणपत्रिकेवर येतात तो, असं कॉलेजं धरतात. खासगी क्लासचे सर त्यात सहसा बसत नाहीत. पण कॉमन ॲपवर 'अदर रेकमेंडर' अशी वेगळी जागा असते. काही कॉलेजं ती ठेवतात, काही ठेवत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या शिफारशीच्या पानावर किती शिक्षक सक्तीचे, किती ऐच्छिक आणि बाहेरचे किती चालतात, हे लिहिलेलं असतं. क्लासच्या सरांचं पत्र तिथं घाला. दोन शिक्षकांची जागा त्यानं भरत नाही.

पाचगावरोड

ताई, लई टेन्शन घेऊ नका. इकडं सगळे काय करतात सांगू? पोरगं स्वतःच पत्र लिहून नेतं, सर सही-शिक्का मारतात. माझ्या भाच्याचं तसंच झालं, ॲडमिशन पण मिळाली. सरांकडं वेळ कुठं असतो हो? एकेका वर्गात ऐंशी-शंभर पोरं, त्यात बोर्डाची कामं, निवडणुकीची कामं. त्यांना इंग्रजीत पान-दोन पान लिहायला लावणं म्हणजे त्यांनाच त्रास. चांगलं ड्राफ्ट करा, दोन वेगळ्या सरांकडं द्या, विषय संपला.

निवृत्त_मास्तर

मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवत होतो. परदेशी जाणाऱ्या मुलांची पत्रं पुष्कळ लिहिली, आणि मुलांनी लिहून आणलेलीही पुष्कळ पाहिली. पाचगावरोड, तुम्ही म्हणता ती अडचण खरी आहे. तरीही मुलानं लिहून आणलेल्या पत्राला मी कधी सही केली नाही. का ते सांगतो.

मुलानं स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र हटकून एकाच वळणाचं होतं. हुशार, मेहनती, नम्र, वेळेचा पक्का, नेतृत्वगुण असलेला. मग मार्कांची यादी, मग बक्षिसांची. हे सगळं अर्जात आधीच असतं. मुलाला स्वतःतलं जे दिसत नाही, ते शिक्षकाला दिसलेलं असतं, आणि पत्र त्यासाठीच मागवतात. शिवाय एकाच मुलाची दोन पत्रं एकाच हातची असतील तर वाचणाऱ्याला ते सहज कळतं. वाक्यांची ठेवण सारखी, विशेषणं सारखी. मग शंका मुलीवर येते, सरांवर नव्हे. आणि पत्र शिक्षकानं लिहिलंय असं सांगून स्वतःचं लिहिलेलं पाठवणं हे खोटंच आहे. सगळे करतात म्हणून ते खरं होत नाही.

शिक्षकाला काय दिसतं, याचं एक उदाहरण देतो. साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल सगळ्यांना माहीत आहे. गुरुत्व त्वरण काढायचं, उत्तर ९८० च्या जवळ यायला हवं. बहुतेक मुलं वरच्या वर्गाच्या जर्नलमधली रीडिंग उतरवून घेतात, म्हणजे उत्तर बरोबर येतं आणि सही मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीचं उत्तर ९६० च्या आसपास येत होतं. तिनं रीडिंग बदललं नाही. वेगवेगळ्या लांबीची रीडिंग घेऊन आलेख काढला, तर रेघ शून्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, सर, मी दोरा गोळ्याच्या आकड्यापर्यंतच मोजत होते, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवा होता, म्हणून प्रत्येक लांबी तेवढीच कमी धरली गेली. जर्नलमध्ये चुकीचं रीडिंग तसंच ठेवून तिनं खाली कारण लिहिलं. तिच्या पत्रात मी निम्मं पान याच प्रसंगावर खर्च केलं. तिच्या टक्क्यांचा उल्लेखही केला नाही.

तेव्हा निवड करताना माझ्या मते एकच बघा. मुलीनं काही केलं, अडली, परत केलं, हे कोणत्या शिक्षकाच्या डोळ्यांसमोर घडलंय? त्या शिक्षकाचं इंग्रजी बेताचं असलं तरी चालेल. त्यांच्या विषयात तिला पैकीच्या पैकी नसले तरी चालेल. किंबहुना ज्या विषयात ती धडपडली, त्या विषयाच्या शिक्षकांकडं सांगण्यासारखं जास्त असतं.

इंटिग्रेटेडबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, ते इथं लिहितोच. मुलं दोन वर्षं कॉलेजात येत नाहीत, हजेरी कागदावर लागते. मग बारावीच्या मध्यावर अचानक आठवतं की आपल्याला ओळखणारा एकही शिक्षक कॉलेजात नाही. यात मुलांचा दोष नाही, पण किंमत त्यांनाच मोजावी लागते.

बिंदूचौक

मास्तर, वाचून केळुसकर गुरुजी आठवले. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज एकटा वाचत बसलेला त्यांना दिसायचा. गुरुजी विल्सन हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचे, म्हणजे ते त्याचे वर्गशिक्षकही नव्हते. पण रोज पाहत होते, बोलत होते, पुस्तकं देत होते. मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांनीच त्याला भेट दिलं. पुढं कॉलेजच्या शिक्षणाला पैसे कमी पडू लागले तेव्हा गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडं शब्द टाकला आणि बडोद्याची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढं १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. त्या काळातही वजनदार ओळखी असणारी माणसं कमी नव्हती. पण मुलगा रोज वाचताना ज्यांनी पाहिला होता, त्यांनीच शब्द टाकला.

रंकाळा_ते_मिशिगन

या उदाहरणावरून क्लासच्या सरांना अगदीच दूर ठेवू नये असं वाटतं. जिथं जागा आहे तिथं त्यांचं पत्र जाऊ द्या.

पाचगावरोड दादा, स्वतः पत्र लिहून नेण्यातली आणखी एक अडचण. पत्र मुलाच्या हातातून जात नाही. आपण अर्जात शिक्षकाचा ईमेल भरायचा, त्यांना लिंक जाते, ते स्वतः लॉगिन करून तक्ता भरतात आणि पत्र चढवतात. त्याआधी मुलाला एफईआरपीए या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या माहितीबद्दलच्या कायद्याखाली एक संमती द्यावी लागते. 'ही पत्रं बघण्याचा हक्क मी सोडतो' अशी खूण तिथं करता येते. हक्क सोडावा असंच सगळे सांगतात, कारण मग वाचणाऱ्याला खात्री पटते की शिक्षकानं मोकळेपणानं लिहिलंय. हक्क सोडल्याची खूण करायची आणि पत्र स्वतःच लिहायचं, याचा मेळ कसा बसणार?

पाचगावरोड

भावा, पटलं. पण सरांकडं वेळ नसतो हे तरी खरं हाय का न्हाई? त्याचं काय करायचं ते सांगा. नुसतं 'सरांनी लिहावं' म्हणून लिहून होत न्हाई.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली

याचं उत्तर मी देते. मी सध्या ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते.

वेळ नसतो हे शंभर टक्के खरं. म्हणून पत्र लिहू नका, पण माहिती लिहून द्या. एक पान, फार तर दीड. त्यात बक्षिसांची यादी नको, ती मला अर्जातून कळते. माझ्या वर्गात तुम्हाला काय आवडलं, कुठं अडलात, कोणत्या प्रॅक्टिकलला काय झालं, तुम्ही मला कोणती शंका विचारली होती, पुढं काय शिकायचंय आणि का. शिक्षकालाही आठवण करून द्यावी लागते हो, आमच्यासमोरून दरवर्षी शेकडो मुलं जातात. या पानावरून मी माझं पत्र माझ्या भाषेत लिहू शकते. सोबत कोणत्या कॉलेजला कधी मुदत आहे याचा तक्ता द्या. तपासलेलं जर्नल, निबंधाची वही, प्रकल्प असं काही असेल तर तेही आणा.

कधी विचारायचं? आताच, बारावी सुरू होताना. खरं तर अकरावीची परीक्षा संपल्यावर लगेच विचारलं तर उत्तम, तेव्हा सगळं ताजं असतं. ऑक्टोबरमध्ये येऊन 'मॅडम, चार दिवसांत हवंय' म्हटलं की कितीही प्रेम असलं तरी पत्र घाईतलंच होतं.

कसं विचारायचं हेही महत्त्वाचं. मुलीनं स्वतः विचारावं, आईवडिलांनी नाही. पालक स्टाफरूमला आले की शिक्षक भिडेपोटी हो म्हणतात. आणि प्रश्न असा असावा: 'मॅडम, तुम्ही मला पुरेसं ओळखता असं तुम्हाला वाटतं का? चांगलं पत्र लिहिता येईल का?' यात आम्हाला नाही म्हणायची मोकळीक मिळते. 'बघू' किंवा 'आण, सही करतो' असं उत्तर आलं तर आभार मानून दुसऱ्या शिक्षकांकडं जायचं. 'हो, बस, मला सांग तू तिकडं काय शिकणार आहेस' असं म्हणणारे शिक्षक हवेत.

भेटवस्तू, मिठाईचे पुडे आणू नका. मनापासून सांगते, अवघडल्यासारखं होतं.

नागाळापार्क

मॅडम, फार उपयोगाचं लिहिलंत. दिरांना धागा वाचायला दिला, ते दोन्ही पर्याय बाद झाले.

आता एक प्रश्न मराठीच्या मॅडमबद्दल. फिजिक्सला जाणाऱ्या मुलीनं मराठीच्या शिक्षिकेचं पत्र दिलं तर विचित्र दिसणार नाही ना? घरी सगळे म्हणतात दोन्ही पत्रं सायन्सचीच हवीत.

रंकाळा_ते_मिशिगन

अजिबात विचित्र नाही. उलट काही ठिकाणी तसंच मागतात. मॅसॅच्युसेट्समधली एमआयटी एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि एक भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांपैकी विषयाच्या शिक्षकाचं मागते. स्टॅनफर्डला दोन पत्रं लागतात, तीही मुख्य विषयांच्या शिक्षकांची, शक्यतो अकरावी-बारावीत शिकवलेल्यांची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन सगळीकडं दोन शिक्षक. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची बर्कली, लॉस एंजलिस वगैरे कॉलेजं अर्जासोबत शिफारसपत्र मागतच नाहीत. म्हणजे आधी यादी पक्की करा, मग कुणाला विचारायचं ते ठरवा.

मराठीच्या मॅडमचं पत्र माझ्या मते तुमच्याकडचं सगळ्यात भक्कम पत्र ठरू शकतं. इंटिग्रेटेडची मुलगी गुणांचं दडपण नसलेल्या तासाला आवर्जून बसते आणि निबंध खोडून घेऊन परत लिहिते, हे मॅडमनी नुसतं जसंच्या तसं सांगितलं तरी पुरे.

एक लक्षात ठेवा. कॉमन ॲपवर शिक्षक एकच पत्र चढवतो आणि तेच सगळ्या कॉलेजांना जातं. म्हणून पत्रात कोणत्याही एका कॉलेजचं नाव नको. एमआयटीचा अर्ज त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर असतो, तिथं वेगळं चढवावं लागतं. हे शिक्षकांना आधीच सांगा.

नागाळापार्क

आणि मॅडम इंग्रजीत लिहिणार नाहीत, त्यांनी तसं सरळ सांगितलंय. दहावीच्या सरांचंही तेच.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली

मग मराठीतच लिहू द्या. इंग्रजीच्या भीतीनं चांगला शिक्षक चार ठोकळेबाज वाक्यं लिहितो, त्यापेक्षा मराठीत मोकळेपणानं लिहिलेलं पत्र कितीतरी बरं. कॉलेजातल्या इंग्रजीच्या सहकाऱ्याकडून भाषांतर करून घ्यायचं, भाषांतर कुणी केलं ते खाली लिहायचं, आणि मूळ मराठी पत्र व भाषांतर एकाच फाईलमध्ये जोडायचं. भाषांतर घरच्यांनी किंवा मुलीनं करू नये. आणि भाषांतर करणाऱ्यांना सांगा, पत्र सजवू नका. मॅडमनी 'हट्टी आहे' लिहिलं असेल तर 'दृढनिश्चयी' करू नका.

दहावीचे सर मात्र मी मुख्य दोघांत घेणार नाही. तिला घडवलं त्यांनीच, हे मान्य. पण कॉलेजांना अलीकडची मुलगी बघायची असते. दोन वर्षांत मुलं खूप बदलतात.

निवृत्त_मास्तर

सहमत. मग प्रश्न उरतो सायन्सच्या पत्राचा. तिथं तुमच्याकडं आज कुणीच नाही, हे स्पष्ट दिसतंय.

माझं मत असं. अजून वेळ आहे. आता जून आहे, पत्र ऑक्टोबरमध्ये जायचंय. मुलीला सांगा, प्रॅक्टिकलला नुसती हजेरी लावू नकोस. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला स्वतः मांडणी कर, स्वतःचं रीडिंग घे, उत्तर का चुकलं ते सरांना जाऊन विचार. क्लासमध्ये ज्या शंका विचारतेस त्यातल्या काही कॉलेजच्या सरांना विचार. हे पत्रासाठी केलेलं नाटक वाटेल अशी भीती बाळगू नका. तिला फिजिक्सच शिकायचंय, म्हणजे प्रयोगशाळा हीच तिची जागा आहे. एकदा मुलगी खरंच विचारतेय हे दिसलं की आमच्यासारख्यांना फार आनंद होतो. रिकाम्या वर्गाला शिकवून शिक्षकही कंटाळलेले असतात. तीन-चार महिने हा काळ थोडा नाही. तिनं मन लावून काम केलं तर लिहिण्याजोगं नक्की सापडेल.

इचलकरंजीकर

धाग्याचा विषय बारावीचा आहे, तरी विचारतो. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एमएससाठी अर्ज करणार आहे. तिथं तीन पत्रं लागतात. एचओडी (विभागप्रमुख) सरांचं घ्यायलाच हवं का? त्यांनी आम्हाला एकच विषय शिकवला, तोही अर्धाच.

रंकाळा_ते_मिशिगन

एमएसला बहुतेक ठिकाणी तीनच मागतात. प्रोजेक्ट गाइड पहिले, मग ज्यांच्या विषयात तू मन लावून काम केलंस ते प्राध्यापक. इंटर्नशिप केली असशील, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात का असेना, तर ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केलं त्या इंजिनिअरचं तिसरं. मालकांचं नको, शॉप फ्लोअरवर तुझ्यासोबत जो उभा होता त्याचं घे. एचओडींनी प्रोजेक्ट पाहिला नसेल तर त्यांचं सक्तीचं नाही.

शिक्षकांचा ईमेल कॉलेजच्या अधिकृत पत्त्याचा असेल तर फार बरं. जीमेलवरून आलेल्या पत्राची कधी कधी पडताळणी करतात.

पाचगावरोड

ताईंच्या कॉलेजात काउन्सेलर न्हाई म्हणाल्या, त्याचं राहिलंच की.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली

हो, बरं झालं आठवण केलीत. तिथं प्राचार्य किंवा उपप्राचार्य चालतात, आणि तिथं त्यांचंच नाव योग्य. काउन्सेलरच्या भागात कॉलेजची माहिती, गुणपत्रिका, वर्ग केवढा, बोर्ड कोणतं, गुण देण्याची पद्धत कशी, असं सगळं लागतं. हे काम कार्यालयाकडूनच होतं. तुमचे प्राचार्य मुलीला ओळखत नाहीत, तर मुलीनं उपप्राचार्यांना भेटून आपलं पान द्यावं. या पत्रात मुलीला आपल्या परिसराच्या संदर्भात मांडतात. स्टेट बोर्डात ८० आणि ९० टक्के म्हणजे काय, इंटिग्रेटेड म्हणजे काय, इथल्या मुलांना कोणत्या सोयी मिळतात आणि कोणत्या मिळत नाहीत, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. कॉलेजची अशी माहिती एका पानावर तयार नसेल तर कार्यालयाला मदत करा. एकदा केलं की पुढच्या मुलांनाही उपयोगी पडेल.

इंग्लंडला अर्ज करणाऱ्यांसाठी एक ओळ. यूकॅसला, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक अर्जाला, एकच संदर्भपत्र लागतं आणि ते साधारण कॉलेजमार्फतच जातं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर असते, म्हणजे आणखी लवकर हालचाल करायला हवी.

नागाळापार्क

मुलीनं आज स्वतः जाऊन मराठीच्या मॅडमना विचारलं. त्यांनी बसवून घेतलं आणि तिचे अकरावीचे निबंध परत मागवलेत. सायन्ससाठी ती तिच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या मॅडमकडं जाणार आहे, कारण फिजिक्सचं प्रॅक्टिकल यंदा नवीन सरांकडं आहे. क्लासच्या सरांना जिथं जागा आहे तिथं विचारू. दहावीच्या सरांना मी फोन करून सांगितलं, ते जराही नाराज झाले नाहीत. म्हणाले, तिचा अर्ज पाठवायच्या आधी मला तिचा निबंध वाचायला द्या.

आता मुदतीबद्दल. तिला एका ठिकाणी अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधीचा, अर्ज करायचाय, १ नोव्हेंबर. शिक्षकांच्या मागे किती लागायचं?

रंकाळा_ते_मिशिगन

१ नोव्हेंबर ही तारीख आपल्याकडं फार अडचणीची आहे, हे कॅलेंडर उघडून बघा. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, दसरा २० ऑक्टोबरला आणि दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. त्यातच पहिल्या सत्राची परीक्षा आणि पेपर तपासणी. म्हणून शिक्षकांना तारीख सांगताना १ नोव्हेंबर सांगू नका, दसऱ्याच्या आधीची सांगा. कॉमन ॲपचं नवं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. त्यानंतर लगेच संमतीची खूण करून निमंत्रणाचा ईमेल जाऊ दे, म्हणजे गणपतीच्या आधी शिक्षकांनी एकदा लॉगिन करून बघितलेलं असेल. लिंक स्पॅममध्ये जाते, ती शोधायला मुलीनं समोर बसून मदत करावी. पत्र चढलं की नाही हे आपल्या खात्यात दिसतं, त्यामुळं सारखं विचारत बसावं लागत नाही. एकदा सप्टेंबरच्या मध्यावर, एकदा दसऱ्याच्या आठवडाभर आधी, एवढी आठवण पुरे.

निवृत्त_मास्तर

केमिस्ट्रीच्या मॅडमकडं जाताना अकरावीचं जर्नल न्या, नवंकोरं करून नेऊ नका. खाडाखोड असलेलंच न्या. टायट्रेशनचं रीडिंग जुळलं नसेल ते पान उघडून दाखवा आणि ते परत करून बघायची परवानगी मागा. फिजिक्सचे नवीन सर प्रॅक्टिकलला आहेत, त्यांनाही सोडू नका. नवीन शिक्षकाकडं मुलांची गर्दी कमी असते, विचारलेल्या प्रश्नाला ते वेळ देतात. ऑगस्टअखेर दोघांपैकी कुणी तिला जास्त पाहिलंय ते तिचं तिलाच कळेल, तेव्हा त्यांचं नाव भरा.